पडद्यावरच्या आईची गोष्ट

मैत्रिणींनो, 'आवारा'मधली राज कपूरची आई आठवतेय ना? जज्जसाहेबांनी भर पावसात घराबाहेर काढलेली, रस्त्यावर बाळंत झालेली, झोपडपट्टीत राहून पोराला वकील करायची स्वप्नं बघणारी. किंवा 'गंगा जमना'मधली दिलीपकुमारची आई. चोरीचा खोटा आळ आला आणि त्या धक्क्यानेच जीव गेला तिचा. पांढरी किंवा विरलेली साडी, डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी. आमच्या लहानपणी रविवारी दूरदर्शनवर जुना हिंदी सिनेमा लागला की ही बाई हमखास दिसायची. आमच्या घोडपदेवच्या चाळीत तिला नाव नव्हतं. सगळ्याजणी तिला 'ती रडकी आई' म्हणायच्या.

तिचं नाव लीला चिटणीस. आणि ही रडकी आई खऱ्या आयुष्यात बी. ए. झालेली, नवऱ्यापासून वेगळी होऊन चार मुलगे वाढवणारी, पुरुषी वेशात पडद्यावर दरोडेखोर झालेली, स्वतः सिनेमा काढणारी, सिनेमा दिग्दर्शित करणारी, नाटक लिहून बसवणारी बाई होती, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या मंडळातल्या मुलींना तर अजून कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज लीलाबाईंबद्दल लिहायचं ठरवलं.

त्यांचा जन्म १९०९ सालचा, धारवाडचा. माहेरचं आडनाव नगरकर. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. वडील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. घराणं ब्राह्मणाचं, पण ब्राह्मो समाजाच्या विचारांचं. जातपात मानायची नाही, मुलीला शिकवायचं, असं वळण. त्या काळात मुलीच्या हातात पुस्तक दिसलं की शेजारपाजारचे नाकं मुरडायचे आणि इथे बाप स्वतःच पुस्तकं वाचून दाखवण्यातला. पण एक गोष्ट बघा हं, एवढं पुढारलेलं घर, तरी लग्न पंधरा-सोळाव्या वर्षीच झालं. नवरा डॉक्टर, गजानन यशवंत चिटणीस, वयाने चांगले दहा वर्षांनी मोठे. सुधारकी घरांतही मुलीच्या लग्नाची घाई काही सुटली नव्हती.

लग्नानंतर दोघं काही काळ इंग्लंडला राहून आले. चार मुलगे झाले. घरात स्वातंत्र्य चळवळीचं वारं होतं. क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय हे सरकारच्या नजरेतून सुटण्यासाठी नाव बदलून मुंबईत वावरत होते. १९३१च्या जुलैमध्ये त्यांना इथेच अटक झाली. या रॉय यांना चिटणीस दांपत्याने आपल्या घरात आसरा दिला होता. पोलिसांचा ससेमिरा मागे असलेला माणूस घरात ठेवायचा, वर लहान लहान मुलं, आणि दाराची कडी वाजली की काळजात धस्स. घरातल्या बाईची छाती मोठी असल्याशिवाय असलं धाडस होत नाही. इतिहासाच्या पुस्तकात रॉय सापडतात, त्यांना वाढणारी बाई सापडत नाही.

पुढे संसार टिकला नाही. नवरा-बायको वेगळे झाले. आज आपण घटस्फोट हा शब्द सहज उच्चारतो (सहज म्हणजे तरी काय, आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायका अजून तो शब्द कुजबुजूनच बोलतात), तर १९३०च्या सुमाराला काय परिस्थिती असेल! पदरात चार मुलं. लीलाबाईंनी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. शिक्षण होतं म्हणून नोकरी मिळाली. पण मास्तरणीच्या पगारात पाच तोंडांचं भागवायचं म्हणजे महिनाअखेरीला काय होत असेल ते मी सांगायला नको.

आमच्या गिरणगावात हे चित्र वेगळ्या रूपात बायकांनी पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि घरातला पगार थांबला. तोवर उंबरा न ओलांडलेल्या कितीतरी जणी बाहेर पडल्या. कुणी पोळ्या लाटायला लागली, कुणी शिवण घेतलं, कुणी भायखळ्याच्या बाजारात टोपली घेऊन बसली. खानावळी चालवणाऱ्या बायका तर आधीपासूनच होत्या. त्यांच्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच भागात. माझ्या सासूबाई त्या पिढीतल्या. मिळवायला बाहेर पडलेल्या बाईला पैशाआधी बोलणी मिळतात, असं त्यांचं ठाम मत. लीलाबाईंच्या वाट्याला तेच आलं असणार, कारण शाळेच्या पगाराला जोड म्हणून त्यांनी जे काम धरलं ते होतं नाटकाचं.

तेव्हाची मराठी रंगभूमी डोळ्यांपुढे आणा. नायिकेचं काम पुरुषांनी करायचं, शालू नेसून, दागिने घालून. बालगंधर्वांची ती मोहिनी. शिकलेल्या, घरंदाज म्हणवणाऱ्या बाईने रंगमंचावर उभं राहायचं म्हणजे नाव बुडवायचंच. अशा वेळी १९३३मध्ये 'नाट्यमन्वंतर' ही संस्था आली. इब्सेन, शॉ वाचलेली तरुण मंडळी. 'आंधळ्यांची शाळा' हे त्यांचं पहिलं नाटक. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करायची, हे त्यांनी करून दाखवलं. खऱ्यासारखं घर, रोजच्यासारखं बोलणं, उगाच दर पाच मिनिटांनी पद नाही. पुरुषाला एक न्याय आणि बाईला दुसरा, हे कसं चालेल, असा प्रश्न विचारणारं ते नाटक. लीलाबाई याच संस्थेत गेल्या आणि १९३४च्या 'उसना नवरा' या विनोदी नाटकात त्यांनी काम केलं. नावच बघा! नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई 'उसना नवरा'मध्ये लोकांना हसवतेय. नंतर स्वतःची मंडळी जमवून त्यांनी आचार्य अत्र्यांचं 'उद्याचा संसार' केलं. नुसतं बोलावलं तर काम करायचं, असा त्यांचा स्वभाव नव्हताच. आपण होऊन काहीतरी उभं करायचं, हा गुण त्यांच्यात पहिल्यापासून दिसतो.

नाटकातून सिनेमात. सुरुवात किरकोळ कामांनी. गर्दीत उभं राहायचं, मारामारीच्या सिनेमात धावायचं. मग १९३५चा 'धुवांधार', १९३६चा मास्टर विनायकांचा 'छाया'. या 'छाया'ची कथा वि. स. खांडेकरांची, त्यांची सिनेमासाठीची पहिलीच. १९३७मध्ये प्रभातच्या 'वहाँ'मध्ये त्या शांता आपट्यांबरोबर होत्या. आणि त्याच वर्षी आला 'जंटलमन डाकू'. त्यात लीलाबाई पुरुषी पोशाखातल्या, सफाईदार ठगाच्या भूमिकेत! रडकी आई म्हणणाऱ्या माझ्या शेजारणींना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना.

या सिनेमाच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत लीलाबाईंची ओळख करून दिली होती ती महाराष्ट्रातली पडद्यावर आलेली पहिली पदवीधर, प्रतिष्ठित घरातली स्त्री अशी. वाचताना आधी बरं वाटतं. मग मात्र जरा टोचतं. शिक्षणाचा मान म्हणून ठीक, पण त्यात असंही आलंच की, याआधी ज्या आल्या त्या प्रतिष्ठित नव्हत्या. त्यांना का विसरायचं? १९१३मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला या दोघी उभ्या राहिल्या, तेव्हा तर वेश्यावस्तीतल्या बायकाही सिनेमात यायला तयार नव्हत्या. दुर्गाबाईही नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, लेकीला घेऊन पोटासाठी नाटक-सिनेमाकडे वळलेल्या. पंचवीस वर्षांचं अंतर, पण कारण तेच. पोट आणि पोर. लीलाबाईंकडे बी. ए.ची पदवी होती म्हणून जाहिरातवाल्यांनी तिचं भांडवल केलं, दुर्गाबाईंकडे ती नव्हती म्हणून त्यांना नुसती बोलणी मिळाली. दुर्गा खोट्यांसारख्या श्रीमंत घरच्या सुनेलासुद्धा १९३१मध्ये सिनेमात आल्यावर काय काय ऐकावं लागलं, हे आपण वाचलेलं आहेच.

१९३८चा 'जेलर' हा सोहराब मोदींचा चित्रपट. त्यात लीलाबाई एका कठोर जेलरची बायको आहेत. ती घर सोडून दुसऱ्या पुरुषाबरोबर जाते, जेलर तिला परत आणतो आणि घरातच डांबतो, तिच्या लेकरालाही भेटू देत नाही. आज हे कुणी केलं तर आम्ही पोलीस ठाण्यात जाऊ. तेव्हाच्या प्रेक्षकाला मात्र अशा बाईची दया यावी की राग, हेच कळत नव्हतं आणि ती भूमिका स्वतःचं घर मोडलेल्या बाईने करायची, यात केवढी हिंमत! लोक पडद्यावरचं आणि खरं यात फरक कुठे करतात?

मग आलं मालाडचं बॉम्बे टॉकीज. हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी १९३४मध्ये काढलेली कंपनी, जर्मन तंत्रज्ञ, शिस्तीचा कारभार. आतापर्यंत तिथली नायिका म्हणजे देविकाराणीच. १९३९च्या 'कंगन'मध्ये तिची जागा लीलाबाईंना मिळाली. नायक अशोककुमार. जमीनदाराचा मुलगा आणि खेड्यातली पोर राधा यांची प्रेमकथा. कवी प्रदीप यांनी सिनेमासाठी पहिल्यांदा गाणी लिहिली ती याच चित्रपटात. 'कंगन' तुफान चालला. १९४०चा 'बंधन', १९४१चा 'झूला', तेही चालले. अशोककुमार पुढे एवढे मोठे नट झाले, पण डोळ्यांनी बोलायला आपण लीला चिटणीसांकडून शिकलो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं.

जरा हिशेब करा. 'कंगन'च्या वेळी लीलाबाई तीस वर्षांच्या. चार मुलांची आई. आणि पडद्यावर अल्लड राधा! आपल्याकडे तिशी ओलांडली, दोन बाळंतपणं झाली की बाई स्वतःच म्हणते, आता काय राहिलंय आपलं. नवी साडी घेतानासुद्धा मुलींसाठी रंग बघते. इथे घरी मुलांच्या शाळेचे कपडे, जेवणं, दुखणीखुपणी आणि सकाळी मालाडला जाऊन प्रेमात पडलेली सोळा वर्षांची पोर व्हायचं. हा अभिनय मला सगळ्यात अवघड वाटतो.

१९४१मध्ये आणखी एक नवल झालं. लक्स साबणाच्या जाहिरातीत तोवर हॉलिवूडच्या गोऱ्या नट्या झळकायच्या. त्या जागी पहिली भारतीय नटी आली ती लीला चिटणीस. त्यांच्यानंतर किती जणी त्या साबणाबरोबर दिसल्या, त्याची गणतीच नाही. ज्या समाजाने सिनेमातल्या बाईला घरात घेऊ नये म्हटलं, त्याच समाजाच्या न्हाणीघरात तिचं चित्र असलेला साबण गेला, याची मला गंमत वाटते.

नाव आणि पैसा हातात आल्यावर लीलाबाईंनी काय केलं? दागिने नव्हेत, सिनेमे केले! 'कंचन' आणि १९४२चा 'किसी से ना कहना' यांच्या निर्मितीत त्या उतरल्या. स्वतःचा पैसा, स्वतःची जबाबदारी. सिनेमाचा धंदा किती बेभरवशाचा, हे वेगळं सांगायला नको. १९४०चं दशक अर्धं सरलं तशी नायिकेची कामं कमी झाली. नवीन मुली आल्या. अशोककुमार मात्र नायकच राहिले, पुढची कितीतरी वर्षं. पुरुषाचं वय आणि बाईचं वय वेगळ्या घड्याळावर चालतं, सिनेमातही आणि आपल्या घरातही.

१९४८च्या 'शहीद'मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या. वय अडतीस-एकोणचाळीस. १९५१च्या 'आवारा'त राज कपूरची आई. आणि मग जे सुरू झालं ते थांबलंच नाही. हिंदी सिनेमातली सोसणारी, खोकणारी, शिवणयंत्रावर वाकलेली, लेकासाठी देवापुढे दिवा लावणारी आई म्हणजे लीला चिटणीस, असं समीकरणच झालं. 'काला बाजार', 'हम दोनो', 'गंगा जमना'... दिलीपकुमार, राज कपूर, देव आनंद, तिघांच्याही त्या आई झाल्या. त्यांच्यानंतर आलेल्या सगळ्या पडद्यावरच्या आयांनी थोडंफार त्यांचंच उचललं.

या भूमिका मला पूर्वी आवडायच्या नाहीत, खरं सांगते. बाईने नुसतं सोसायचं आणि मरायचं, हे आम्ही मंडळात जे सांगतो त्याच्या अगदी उलट. पण लीलाबाईंचं आयुष्य कळल्यावर 'आवारा' परत पाहिला. पोटात मूल असताना नवरा संशय घेऊन घराबाहेर काढतो, त्या वेळचा तिचा चेहरा नीट बघा. तिथे आरडाओरडा नाही. लेकाला एकटीने वाढवताना येणारा थकवा तिच्या पाठीत, हातांत दिसतो. तो नुसता तालमीतून येत नाही हो. 

आणि १९६५चा 'गाईड'! देव आनंद, म्हणजे राजू, नवऱ्याला सोडून आलेल्या नाचणाऱ्या रोझीला घरात आणतो. त्याच्या आईला ते सहन होत नाही, ती घर सोडून जाते. ही आई लीलाबाईच. ज्या बाईने स्वतः नवऱ्यापासून वेगळं होऊन रंगमंचावर पाय ठेवला, तिनेच तीस वर्षांनी पडद्यावर 'अशी' बाई घरात नको म्हणणारी सासू उभी करायची. त्या दिवशी चित्रीकरणाला जाताना त्यांच्या मनात काय आलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. काम म्हणून केलंही असेल, पैसे घेतले, घरी आल्या. पोटासाठी काम करणाऱ्या बाईला प्रत्येक वेळी मनासारखं काम थोडंच मिळतं.

मनासारखं काम त्यांनी स्वतः शोधलं. १९५५मध्ये 'आज की बात' हा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. बाईने दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसायचं, ही गोष्ट तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. फातमा बेगम यांनी १९२६मध्ये पहिल्यांदा ते केलं होतं. शोभना समर्थ यांनी १९५०मध्ये 'हमारी बेटी' काढून लेकीला, नूतनला, पडद्यावर आणलं. त्या रांगेत लीलाबाई. शंभर माणसांना, त्यातही पुरुषांना, काम सांगायचं आणि त्यांनी ते ऐकायचं. आमच्या साध्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला मांडववाला बायकांचं ऐकत नाही, तुमचे मिस्टर कुठे आहेत असं विचारतो, त्यावरून कल्पना करा.

लेखणीही त्यांनी हातात घेतली. सॉमरसेट मॉम या इंग्रज लेखकाचं 'सेक्रेड फ्लेम' म्हणून १९२८चं नाटक आहे. त्याचं रूपांतर लीलाबाईंनी स्वतः लिहिलं आणि स्वतःच बसवलं. त्यातली आई कशी आहे माहितीये? तिचा तरणा मुलगा विमान अपघातानंतर अंथरुणाला खिळलेला आहे. तरुण सून किती काळ जखडून राहणार, हे त्या सासूला दिसतं. सुनेचं मन दुसरीकडे वळलेलंही तिला कळतं. मुलाला ते कळून त्याचं काळीज फाटण्याआधी तीच, त्याची आई, औषधाची जास्त मात्रा देऊन त्याला मुक्त करते. बरोबर की चूक, वाचूनही ठरत नाही. मी आमच्या मंडळात गोष्ट सांगितली तर दोन तट पडले आणि चहा गार झाला. सिनेमावाल्यांनी जिला आयुष्यभर भाबडी आई दिली, तिने स्वतः लिहायला बसल्यावर निवडली ती ही आई. सुनेच्या बाजूने विचार करणारी, भयंकर निर्णय घेणारी. माझ्या मते लीलाबाईंची खरी ओळख इथे पटते.

१९८१मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, 'चंदेरी दुनियेत'. मराठीत. तालुक्याच्या वाचनालयात जुन्या पुस्तकांच्या कपाटात कधी सापडलं तर जरूर घरी आणा. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' आपण सगळ्यांनी वाचलंय, त्यावर 'भूमिका' हा सिनेमाही १९७७मध्ये आला. लीलाबाईंच्या पुस्तकाकडे तेवढं लक्ष गेलं नाही.

१९८७च्या 'दिल तुझको दिया'नंतर त्यांनी सिनेमा थांबवला आणि मुलांकडे अमेरिकेला गेल्या. ज्या मुलांसाठी मास्तरकी केली, नाटकं केली, मारामारीच्या सिनेमात धावल्या, ती मुलं तिकडे स्थिरावलेली. कनेटिकट राज्यातल्या डॅनबरी गावी, वृद्धांची काळजी घेणाऱ्या एका संस्थेत, १४ जुलै २००३ रोजी त्या गेल्या. वय ९३. मुंबईच्या सिनेमासृष्टीत त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. 

परवा मंडळातल्या एका मुलीने मोबाईलवर 'बंधन'मधलं गाणं लावलं. आवाज खरखरीत, चित्र धुरकट. सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी चष्मा पुसून पुढे सरकल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि ही देखणी पोर कोण म्हणून विचारू लागल्या. 'आवारा'तली आई, असं सांगितलं तर त्यांनी मोबाईलच हातात घेतला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.